चाकवताचा कानोसा

रोप तहानलं की ओरडतं, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर आमच्या घरात ओरडणारी मी एकटीच, अशी सगळ्यांची समजूत होती आणि माझीही.

थट्टा नाही करत. रोप खरंच आवाज करतं, फक्त तो आपल्या कानाच्या टप्प्याबाहेरचा असतो. तो ऐकणारं यंत्र मिरजेच्या नफिसा मुजावरनं बनवलं आणि त्याची पहिली मोठी चाचणी घ्यायला तिनं आमची शेड निवडली. यंत्राला ती कानोसा म्हणते. वाळत घातलेल्या कपड्यांना लावतो तेवढाच चिमटा. तो रोपाच्या देठाला लावायचा आणि विसरून जायचं. देठात काय खुडबुड चाललीय ते चिमटा ऐकत राहतो आणि भिंतीवरच्या पडद्याला कळवतो.

आमची शेड इचलकरंजीत. एके काळी तिथं अठ्ठेचाळीस माग धडधडत होते. आता खिडक्या बुजवून, भिंतींना पांढरा रंग देऊन मी तिथं पालेभाज्या पिकवते. माती नाही, ऊन नाही. पाच मजली मांडण्या, वर जांभळट दिवे आणि प्रत्येक मजल्यावर लांबलचक पन्हळी. पन्हळीतून पाण्याचा पातळ थर वाहतो आणि रोपं त्यात मुळं सोडून वाढतात. जमिनीखाली आजेसासऱ्यांच्या काळचा, सुताला लावायच्या कांजीचा हौद आहे. त्यातलं पाणी पंपानं वर चढतं, पन्हळीतून फिरतं आणि पुन्हा हौदात येतं. रोपांचं सगळं जेवण त्या पाण्यातच विरघळवलेलं असतं. गावात आता अशा दहा-बारा शेड आहेत. उन्हाळे असे झालेत की मे महिन्यात बाहेर मेथीची काडी उभी राहत नाही, त्यामुळे लोक आम्हाला हसायचे थांबले.

या शेडचे मालक माझे सासरे, यशवंत सातपुते. गाव त्यांना येसबा जॉबर म्हणतं, मी मामंजी म्हणते. जॉबर म्हणजे मागांचा डॉक्टर. मालक असूनही त्यांनी आयुष्यभर स्वतःचे माग स्वतः दुरुस्त केले, आणि शेजाऱ्यांचेही. अठ्ठेचाळीस मागांच्या गदारोळात एका मागाची तक्रार कानाला ऐकू येणं शक्यच नव्हतं. म्हणून ते मागाच्या सांगाड्यावर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि कुठं काय ढिलं झालंय ते सांगायचे. त्या गदारोळानं त्यांचे कान नेले. त्यांच्या सगळ्या जोडीदारांचे नेले. ही मंडळी एकमेकांशी फोनवर बोलतात तेव्हा मधल्या दोन गल्ल्यांनाही सगळी बातमी कळते.

आठ वर्षांपूर्वी माग भंगारात गेले. शेवटचा ट्रक निघून गेल्यावर मामंजी रिकाम्या शेडमध्ये उभे राहिले, भिंतीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "बंद पडलं." मग घरी येऊन त्यांनी आपली खुर्ची भिंतीकडं तोंड करून ठेवली. त्यातच सासूबाई गेल्या. मामंजींचं बोलणं चहा-जेवणापुरतं उरलं. माझे यजमान सुरतेला कारखान्यात, सणावाराला येणार. त्यामुळे घरात मी, मामंजी आणि मामंजींची पाठ, असे आम्ही तिघं राहत होतो.

त्यांना खुर्चीतून उठवलं ते तीन वर्षांपूर्वी, चाकवतानं. हा तसा गरीब पाला, बाजारात कुणी फारसा विचारत नाही. मी सहज म्हणून एक पन्हळ लावली होती आणि ताकातली पातळ भाजी केली होती, वर लसणाची फोडणी. मामंजींनी पहिला घास घेतला आणि भाकरी खाली ठेवली. हा कुठला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुमच्या शेडमधला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर माणूस टोपी घालून शेडच्या दारात हजर.

त्या दिवसापासून ते रोज येऊ लागले. रोपांशी बोलू लागले, तेही खणखणीत आवाजात. नफिसानं कानोसा बसवला त्या दिवशी तिनं मला त्यामागचं शास्त्र समजावलं, तेव्हा तेही शेजारी उभे राहून तिचे ओठ वाचत होते. गिरणी-मागातल्या माणसांना ओठ वाचायची सवयच असते. नफिसा म्हणाली, पानं दिवसभर वाफ सोडतात आणि त्या ओढीनं पाणी मुळापासून शेंड्यापर्यंत चढतं. देठात केसाहून बारीक नळ्या असतात, त्यांतून पाण्याचा अखंड धागा वर सरकत असतो. मुळाकडून पाणी कमी आलं आणि वरची ओढ चालूच राहिली, की तो धागा ताणून ताणून तुटतो. तिथं हवेचा बुडबुडा शिरतो आणि टक् असा अगदी सूक्ष्म आवाज होतो. धडधाकट रोप तासाभरात एखादा टक् करील, तहानलेलं तीस-चाळीस. पानं माना टाकायच्या कितीतरी आधी हे टक्-टक् सुरू होतं.

मी अजून डोकं खाजवत होते, तोवर मामंजी म्हणाले, "म्हंजे ताणा तुटतोय म्हन की." ताणा म्हणजे मागावरचा उभा धागा. नफिसानं वही काढून ते वाक्य लिहून घेतलं. दोन वर्षं लोकांना समजावते आहे, एवढ्या थोडक्यात कुणाला सांगता आलं नव्हतं, असं ती म्हणाली. मामंजी त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जेवले.

आणि मग त्यांनी तो उद्योग केला. मला न विचारता आपल्या साठ जुन्या जोडीदारांना आमंत्रण देऊन टाकलं. सुताच्या कांड्या भरणारे, माग चालवणारे, जॉबर, सगळे सत्तरीच्या पुढचे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी शेडमध्ये जेवायला या, आमच्या शेडमध्ये पुन्हा माल निघायला लागलाय, असं ते प्रत्येकाला फोनवर ओरडून सांगत होते. कपडा नाही, चाकवत निघतो, हे निम्म्या लोकांना कळलंही नसावं. मी आधी वैतागले. पण फोन ठेवताना त्यांचा चेहरा बघितला आणि गप्प बसले. सहा पन्हळी चाकवताच्या लावल्या, रविवार धरून. हिशेब चोख बसत होता.

त्या रविवारच्या आधीच्या बुधवारी दुपारी चाकवतानं माना टाकल्या.

सकाळी ताठ असलेली रोपं दोन वाजता पन्हळीच्या कडेवरून खाली लोंबत होती. सहाच्या सहा पन्हळी; बाकीच्या मांडण्या कापणीनंतर रिकाम्याच होत्या. पडद्यावर आकडा होता तासाला अडतीस टक्, आणि खाली कानोशाचा सल्ला: रोपांना पाणी द्या. पाण्यातच उभ्या असलेल्या रोपांना आणखी पाणी कसं द्यायचं ते मात्र त्यानं सांगितलं नव्हतं.

अशा वेळी तपासायच्या गोष्टी मला पाठ आहेत. पंप चालू होता. पन्हळीतून पाणी नीट वाहत होतं, कुठं शेवाळ अडकलं नव्हतं. पाणी तापलं की त्यातली हवा उडून जाते आणि मुळं गुदमरतात, पण पाणी गार होतं आणि हवेचे बुडबुडे व्यवस्थित येत होते. खुराक जास्त झाला की पाणी खारट होऊन उलट मुळांतलंच पाणी ओढून घेतं. तोही मोजला, बरोबर. आंबटपणा मोजला, पाहिजे तेवढाच. मुळं सडली तर तपकिरी, बुळबुळीत होतात आणि कुजका वास येतो. मी एक रोप उपसून बघितलं. वास नव्हता, मुळं पांढरीच होती. फक्त टोकं आखूड आणि काळपट, कुणी चिमटीनं खुडल्यासारखी. असलं काही मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी नफिसा मिरजेहून आली. तिलाही उलगडेना. पाण्याचा नमुना मोठ्या प्रयोगशाळेकडं पाठवता येईल, पण उत्तराला चार दिवस लागतील, असं तिनं सांगितलं. चार दिवसांत रविवार उलटून गेला असता. मग आम्ही ठरवलं की कारण नाही सापडत तर नाही, हौदच उपसू. दुपारी हौद रिकामा केला, ताजं पाणी भरलं, नवा खुराक कालवला. मामंजी दिवसभर हौदाच्या अवतीभवती घुटमळत होते. काही मदत हवी का, काही आणू का. मी नको म्हणत राहिले.

शुक्रवारी सकाळी दार उघडलं तर सगळा चाकवत उभा. पडद्यावर तासाला दोन टक्. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. मामंजींनी एकेका पन्हळीपाशी जाऊन रोपांची विचारपूस केली. आजारातून उठलेल्या माणसासारखी जपायला हवीत म्हणाले. मी आनंदात बाजारात गेले, डाळ-दाणे, लसूण सगळं घेतलं. चिंचही घेतली, कारण सोमवारी घरातली अर्धा किलो चिंच कुठं गायब झाली होती. मामंजी चिंच चोखतात असा माझा आरोप होता. त्यांना आम्लपित्त आहे. मी रागावले तेव्हा ते नुसते हसले होते.

संध्याकाळी पाच वाजता रोपांनी पुन्हा माना टाकल्या. या वेळी बुधवारपेक्षाही वाईट.

मी पन्हळीसमोर उभी होते. उद्याचा एक दिवस मध्ये. साठ म्हातारी माणसं येणार, आणि हा माणूस त्यांच्यासमोर कोमेजलेल्या पाल्याची मांडणी दाखवणार. त्यांची फजिती माझ्या डोळ्यांसमोर आली आणि तेवढ्यात ते स्वतःच शेजारी येऊन उभे राहिले. काय म्हणतायत पोरं, असं काहीसं विचारलं आणि सवयीनं पन्हळीवर तळहात ठेवला.

माझा तोल गेला. "मामंजी, हात लावू नका. हे माग नाहीत," मी म्हटलं.

त्यांनी ओठ वाचले. हात काढून घेतला, टोपी नीट केली आणि घरी गेले. मी तासाभरानं गेले तेव्हा खुर्ची भिंतीकडं वळलेली होती.

मला माझीच लाज वाटली. पाच वर्षं ज्या पाठीशी मी बोलत होते तिला चाकवतानं वळवलं होतं, आणि मी एका वाक्यात पुन्हा होती तिथं नेऊन ठेवली होती. चाकवत गेला तर दुसरा लावता आला असता. हा माणूस पुन्हा भिंतीकडं गेला तर त्याला परत आणायला माझ्याकडं दुसरं काही नव्हतं.

शनिवारी सकाळी आठलाच नफिसा आली. मी तिला शेडमध्ये बसवलं आणि चहाचा कप घेऊन मामंजींच्या खुर्चीपुढं, म्हणजे भिंत आणि खुर्ची यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, जाऊन उभी राहिले. ओठ दिसावेत म्हणून वाकले. मी चुकले म्हटलं. मला काही सुचत नाहीये, नफिसालाही नाही, तुम्ही एकदा हात लावून बघा म्हटलं. त्यांनी चहा बशीत ओतला, प्यायले आणि टोपी मागितली.

कानोशाचा आवाज मामंजींच्या कानाला कसा लागणार, हा प्रश्न नफिसानं चुटकीसरशी सोडवला. तिनं तो बारीक टक् खालच्या पट्टीत उतरवला, म्हणजे ढोलावर बोट मारल्यासारखा ठोका होईल असा, आणि ध्वनिक्षेपक शेडमधल्या जुन्या लाकडी बाकड्यावर पालथा ठेवला. प्रत्येक ठोक्याला फळी थरथरू लागली. मामंजींनी कानातलं ऐकायचं यंत्र काढून खिशात टाकलं, फळीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं की हा कुठल्या रोपाचा आवाज. नफिसा म्हणाली, अख्ख्या पन्हळीची सरासरी आहे. मामंजींनी मान हलवली. सरासरी नको, एकेक ऐकवा म्हणाले. अठ्ठेचाळीस मागांची सरासरी काढून कधी माग दुरुस्त होत नसतो.

मग तासभर तो कार्यक्रम चालला. नफिसा एकेका चिमट्याचा रात्रभर साठलेला आवाज भरभर पळवून सोडायची, मामंजी हातानं ऐकायचे, मी रोपाचा क्रमांक लिहायचे. पाणी जिथून पन्हळीत शिरतं त्या तोंडापासून सुरुवात करून ते शेपटीपर्यंत गेले. मग दुसरी पन्हळ. तिसऱ्या पन्हळीच्या मध्यावर त्यांनी डोळे उघडले.

"तेजू, ही तहान न्हाई," ते माझ्याकडं वळून म्हणाले. "तहान असती तर शेवटचं रोप आदी वरडलं असतं. पानी पोचायला त्येलाच उशीर. हितं उलटं हाय. तोंडाची रोपं लई वरडत्यात, शेवटची कमी. जे पयलं पितंय त्येच मरतंय. खोट पान्यातच हाय."

नफिसा पडद्याकडं धावली. सरासरी काढून टाकली आणि एकेक रोप मांडलं. मामंजींच्या हातानं सांगितलं तेच तिथं होतं, तोंडाकडून शेपटीकडं उतरत जाणारा आलेख. ती स्वतःवरच चिडली. मग भराभर बोलू लागली: पाण्यात काहीतरी आहे जे पहिली मुळं शोषून घेतात, म्हणून पुढच्यांना कमी मिळतं. आपली मापं ते पकडत नाहीत. अगदी थोड्या प्रमाणात मुळांची टोकं जाळणारं म्हणजे बहुधा धातू. मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "ताई, या पाण्याच्या वाटेत कुठं धातू आहे? पितळ, जस्त, तांबं?"

नाही, मी म्हणणार होते. नळ्या, पन्हळी, पंप, सगळं प्लास्टिक. पण त्याच सकाळी मी उद्याच्या जेवणाचं मोठं पातेलं काढून त्याची कल्हई तपासली होती. चाकवतात ताक पडतं, आणि कल्हई उडालेल्या पितळेत किंवा तांब्यात आंबट ठेवलं की ते कळकतं, हे मला सासूबाईंनी शिकवलं होतं. हिरवट होतं, तोंडात घालवत नाही. माझ्या हौदातलं पाणीही आंबट असतं. रोपांना खुराक नीट घेता यावा म्हणून मी ते मुद्दाम, मोजून, किंचित आंबट ठेवते.

आणि मग मला पाण्याच्या कट्ट्याची रिकामी जागा आठवली. तिथं सासूबाईंची तांब्याची घागर असते. रोज तांब्याचं पाणी पिणारे मामंजी गेले काही दिवस फिल्टरचं पाणी पीत होते आणि मी मनात म्हटलं होतं की चला, एकदाचे सुधारले. चिंच कुठं गेली तेही कळलं. तांबं घासायला चिंचेइतकं चांगलं काही नाही.

सगळं एका क्षणात कळलं आणि त्याच क्षणी मी ठरवून टाकलं की हे माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही. मी नफिसाला म्हटलं, पंपामागची एक झडप पितळी असेल, जुनी आहे, तीच असणार, मी आजच बदलते. मामंजींच्या कानात यंत्र नव्हतं आणि मी त्यांच्याकडं पाठ केली होती, म्हणजे ओठही दिसत नव्हते. मला वाटलं, निभावलं.

पण नफिसानं तांबं म्हटलं तेव्हा तिचं तोंड त्यांच्याकडं होतं.

मी वळले तर ते हौदापाशी गुडघे टेकून बसले होते. झाकण बाजूला सारलेलं. आत हात घालून त्यांनी कडीला बांधलेली दोरी धरली आणि हळूहळू ओढायला लागले. शेवटी मीही जाऊन दोरीला हात लावला. घागर बाहेर आली ती अशी लखलखीत की जांभळ्या दिव्यांतही तिचा लाल रंग लपेना.

मग मामंजींनीच सांगितलं, घागरीकडं बघत. साठ माणसं येणार, सगळ्यांची पोटं म्हातारी. माणसाला तांब्याचं पाणी चांगलं, तर ज्या पाल्याला तांब्याचं पाणी मिळेल तो किती चांगला होईल. म्हणून दहा दिवसांपूर्वी घागर सोडली. मग सोमवारी चिंचेनं घासून सोडली. गुरुवारी आम्ही हौद उपसणार म्हटल्यावर पंपाला अडचण नको म्हणून काढून घेतली. आणि शुक्रवारी दुपारी, मी बाजारात गेले तेव्हा, आजारातून उठलेल्या पोरांना जरा जास्त ताकद मिळावी म्हणून पुन्हा घासली, आणखी चकचकीत केली आणि परत सोडली.

"मीच मारत हुतो व्हय त्यास्नी," ते म्हणाले.

पाच वर्षं मी या शेडमध्ये पाणी कालवते आहे आणि त्यात काय घालते, ते आंबट का ठेवते, हे यांना एकदाही सांगितलं नव्हतं. त्यांना कशाला कळतंय, असं मी धरून चालले होते. आंबट आणि तांबं हे दोन शब्द त्यांच्यासमोर उच्चारले असते तर त्यांनीच मला थांबवलं असतं. सासूबाईंचा संसार बघितलेला माणूस होता तो. मी त्यांच्यासमोर बसले आणि हे सगळं, ओठ नीट दिसतील असं, बोलून टाकलं.

नफिसानंही मग गुडघे टेकले. "तात्या, तुमचं अगदीच चुकलं नाही," ती मामंजींना म्हणाली. "रोपांना तांबं लागतंच. ताईंच्या खुराकात ते असतंही. फक्त ते लागतं चिमूटभर. तुम्ही घागरभर दिलंत."

मामंजींनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, घागरीकडं बघितलं. आधी त्यांचे खांदे हलले. मला वाटलं रडतायत. पण ते हसत होते. एकदा हसू फुटल्यावर त्यांना आवरेना, मग आम्हालाही आवरेना. आम्ही तिघं हौदाच्या कडेला बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

पुढचं काम सोपं होतं, कष्टाचं असलं तरी. हौद पुन्हा उपसला. या वेळी मी स्वतः आत उतरले आणि तळाशी उरणारं वीतभर पाणीही पुसून काढलं. पन्हळी धुतल्या. मुळं दोनदा साध्या पाण्यात बुचकळली. नवं पाणी मामंजींच्या देखरेखीखाली कालवलं, आणि त्यात काय, किती, कशासाठी ते सगळं मी मोठ्यानं सांगत गेले. पानांवरची ओढ कमी व्हावी म्हणून दिवे अर्धे केले आणि हवेत पाण्याचा फवारा मारला. पाला खायला योग्य आहे ना, याची धास्ती होतीच. एकट्या तांब्याची तपासणी मिरजेतच लगेच होते, म्हणून नफिसा चार पानं घेऊन तिकडं गेली आणि दुपारीच तिचा फोन आला की तांबं मुळांतच अडकलंय, पानांत नेहमीइतकंच आहे, खुशाल भाजी करा. मामंजींना ते मी पाटीवर लिहून दाखवलं, उगाच गैरसमज नको.

रविवारी सकाळी चाकवत ताठ उभा होता.

साठांतले सत्तावन्न आले. उरलेल्या तिघांना रविवार नीट ऐकू गेला नव्हता, ते सोमवारी आले. शेडमध्ये पंगत बसली. चाकवत, भाकरी, ठेचा आणि कांदा. साध्या पाण्यानं भरलेली सासूबाईंची घागर मामंजी स्वतः फिरवत होते. आणि वाढता वाढता, मी कुणाला सांगू नका म्हटलेलं असूनही, प्रत्येक पानापाशी थांबून घागरीची गोष्ट पहिल्यापासून ओरडून सांगत होते. प्रत्येक वेळी ती थोडी वाढत होती. शेवटच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर घागरीच्या तीन घागरी झाल्या होत्या. एकेका ओळीत हास्याचा गडगडाट व्हायचा. मला उगाच वाटत होतं की हा माणूस लाजेनं खचेल. चुकीवर हसणारी सत्तावन्न माणसं त्याच्या ओळखीची होती, आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या चुका यानं चाळीस वर्षं दुरुस्त केल्या होत्या.

जेवणं झाल्यावर त्यांनी सगळ्यांना बाकड्याभोवती गोळा केलं. रोपं आतल्या आत कशी बोलतात ते त्यांनी सांगितलं, ताणा कसा तुटतो तेही. मग हात ठेवून बघा म्हणाले. मलगोंडा अण्णा मगदूम, वय एकोणऐंशी, मामंजींचे सगळ्यांत जुने जोडीदार, पुढं झाले. त्यांच्यामागोमाग बाकीचे. मावतील तेवढे तळहात त्या फळीवर टेकले. न खुडता राखलेल्या रोपांचा आवाज मी हळूच ध्वनिक्षेपकावर सोडला आणि बाजूला झाले.

सगळे डोळे मिटून उभे राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली. फळी हलली नाही. या शेडमध्ये हात ठेवल्यावर काहीच लागलं नाही, याचा अर्थ त्यांच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होता. मलगोंडा अण्णांनी डोळे उघडले आणि काळजीनं मामंजींकडं बघितलं.

"येसबा," ते म्हणाले, "बंद पडलं काय रं?"

मामंजींचा हात फळीवरच होता.

"न्हाई," ते म्हणाले. "चालू हाय."